घड्याळाच्या पोटातली होडी

आधी कासमचाचांचं नाव लिहितो, मग बाकीचं. चाचा श्रीवर्धनकडचे, बाणकोटच्या खाडीच्या पलीकडचे. मी अलीकडचा, मंडणगड तालुक्यातला. फेरीबोटीनं पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण गावी असताना आमची कधी गाठ पडली नाही. गाठ पडली ती कुवेतमध्ये, एगैलाच्या मॉलमधल्या एका महागड्या घड्याळांच्या दुकानात. तिथे मी काचा पुसायला होतो आणि ते मागच्या वर्कशॉपमध्ये घड्याळजी होते. आज मी ज्या खुर्चीवर बसून काम करतो ती खुर्ची मला त्यांनी मिळवून दिली. पुढे ती माझ्याकडून जायची वेळ आली तेव्हा स्वतःची सोडून माझी राखली. हे कुठेतरी लिहिलं पाहिजे असं बरेच दिवस वाटत होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, म्हणून धीर केला. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. मजकूर गावी मुलीला पाठवला, तिनं काना-मात्रा नीट केल्या. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

मी पॉलिशवाला. महागड्या घड्याळाच्या सर्व्हिसमध्ये दोन कामं असतात. आतलं यंत्र उघडायचं, धुवायचं, तेल घालून परत जोडायचं, ते घड्याळजीचं काम. बाहेरची बॉडी, पट्टा, झाकण यांच्यावरचे ओरखडे घालवायचे, ते माझं. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे बुटाला लावतात तसं काहीतरी लावायचं असतं. आमच्या पॉलिशमध्ये लावायचं काही नसतं, काढायचं असतं. ओरखडा जेवढा खोल, तेवढं आजूबाजूचं स्टील घासून खाली आणायचं, मग ओरखडा उरत नाही. म्हणजे दर पॉलिशला घड्याळ थोडंथोडं कमी होतं. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही.

येण्याआधी मी चिपळूणला एका चांदीच्या दुकानात समया, ताम्हनं उजळायचो. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज बोललो. चाचांनी डब्यातून मान वर केली.

“हात दाखव.”

मी दाखवले. त्यांनी माझा अंगठा उलटसुलट करून बघितला, जसं काही बाजारातून वांगं घेत होते.

“काचा पुसायला कशाला आलास रे? हा पॉलिशवाल्याचा अंगठा आहे.”

त्यांनी मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, गाठून मला वर्कशॉपात घेतलं. पहिले चार महिने भंगारातल्या बॉड्यांवर हात बसवायला लावला. घड्याळाची वरची बाजू बारीक रेघारेघांची असते, कडेची बाजू आरशासारखी, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे एक कड असते. ती कड नखाला लागली पाहिजे. चाचा म्हणायचे, “डिझाइन डिझाइन म्हणतात ते दुसरं काही नाही, ही कड. ती गेली की उरते ती साबणाची वडी.” मी त्या चार महिन्यांत बऱ्याच वड्या केल्या.

आता आमच्या घड्याळांबद्दल थोडं. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहायची परवानगी नाही. आमचं एक मॉडेल माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. जाहिरातीत म्हणतात, ते कधी बदललंच नाही. पण माझ्या टेबलावर आजोबांचं, बापाचं आणि मुलाचं अशी तीन ठेवली, तर मला डोळे मिटून बोटांनी ओळखता येतात. जुन्याची काच फुगीर आणि प्लास्टिकची, नव्याची सपाट. जुन्याचे कान, म्हणजे पट्टा जिथे अडकतो ते चार कोपरे, बारीक आणि त्यांना आरपार भोकं. नव्याचे कान जाड आणि भोकं बुजवलेली. जुन्या पट्ट्याच्या कड्या आतून पोकळ, मनगट हलवलं की खुळखुळतात. नव्याच्या भरीव. कंपनी एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि तीही इतकीशी, की गिऱ्हाईक विचारतं, “ह्यात नवीन काय आहे?” आणि सेल्समन सांगतो, “काहीच नाही सर, म्हणून तर घ्यायचं.”

गिऱ्हाइकंही एकेक. एक बाई घड्याळावरची कारखान्यातली प्लास्टिकची फिल्म पाच वर्षं न काढता वापरत होत्या. सर्व्हिसला दिलं तेव्हा सांगितलं, फिल्मसकट परत पाहिजे. एक तरुण नवं कोरं घड्याळ घेऊन आला आणि म्हणाला, ह्याच्यावर ओरखडे पाड, मित्र हसतात. मी चाचांकडे बघितलं. ते म्हणाले, “त्याला सांग, रोज घाल. फुकट पडतील.”

ह्या तरुणासारख्यांसाठीच कंपनीनं मग एक घड्याळ काढलं. जुन्यात जुन्या मॉडेलची हुबेहूब नक्कल, स्वतःच केलेली. फुगीर काच, बारीक कान. जुन्या डायलवरचे ठिपके वयानं पिवळे पडतात, तर ह्याच्यावर कारखान्यातच पिवळे रंगवलेले. आधी आम्ही कित्येक वर्षं काय करत होतो, तर पिवळी पडलेली डायल काढून तिच्या जागी नवी पांढरी बसवायची. गिऱ्हाईक खूश. जुनी डायल नियमाप्रमाणे कंपनीकडे परत, तिथे ती मोडीत जायची. आणि आता तीच माणसं येऊन विचारायला लागली, आमची पिवळी कुठे आहे?

चाचांनी मात्र शक्य तिथे डायल बदलू दिली नाही. काउंटरवरून फॉर्म आला की ते आतून निरोप पाठवायचे, डायल चांगली आहे, गरज नाही. मुदीर म्हणायचा, हा म्हातारा कंपनीचा की गिऱ्हाइकाचा?

हे नवं जुनं घड्याळ आमच्या शोकेसमध्ये लागलं त्याच आठवड्यात अबू फहद यांचं घड्याळ सर्व्हिसला आलं. अबू फहद सबाह अल-सालेम भागात राहणारे, निवृत्त सरकारी इंजिनिअर, अंगात कायम शुभ्र दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा, बोलणं कमी. घड्याळ त्यांच्या वडिलांचं होतं, ते जुन्यात जुनं मॉडेल. ते त्यांना नातवाला द्यायचं होतं. यंत्र चाचांकडे गेलं, बॉडी आणि झाकण माझ्याकडे आलं.

आता माझी चूक सांगतो. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला करताच येणार नाही.

त्या सुमारास आमच्याकडे नवा नियम आला होता. पॉलिश झालेली प्रत्येक वस्तू कॅमेऱ्याखाली जायची, आतली बाजूसुद्धा, आणि फोटो वर पाठवला जायचा. महिन्याभरापूर्वीच एका झाकणावर आतून हत्यार घसरल्याची रेघ निघाली होती आणि ती कुणी पाडली म्हणून मला मुदीरसमोर उभं केलं होतं. मी पाडली नव्हती. पण माझा स्वभाव असा, की मुदीरनं नुसतं नाव घेतलं तरी मला विमानतळ दिसायला लागतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, गावी दोन मुलींच्या शाळा. घाबरट माणसाची कारणं नेहमी खरी असतात.

तर अबू फहद यांच्या झाकणाच्या आत मला बारीक रेघा दिसल्या. केसासारख्या. एके ठिकाणी तीन रेघा जवळजवळ, एक वाकडी, एक उभी, एक तिरपी. बाजूला आणखी काही खरवड. मला वाटलं, पुन्हा कुणाचं तरी हत्यार घसरलं आणि पुन्हा ते माझ्यावर येणार. झाकणाची आतली बाजू कोणी पॉलिश करत नाही. मी केली. अगदी मन लावून केली. आत तोंड दिसेल इतकं लख्ख.

ठरल्या दिवशी अबू फहद आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, शोकेसमधल्या नव्याकडे बघितलं, परत हातातल्याकडे बघितलं.

“हे माझं नाही,” ते म्हणाले.

सेल्समननं जॉब कार्डावरचा नंबर दाखवला. ते म्हणाले, “नंबर तुमच्या कागदावर, कागद तुमच्या दुकानाचा. माझे कागद युद्धात गेले. तुम्ही त्या काचेतलं उचलून माझ्या हातात दिलंय.” मग म्हणाले, “उघडा. आत होडी आहे. मी लहान असताना माझ्या वडिलांनी मला दाखवली होती. मी ती नातवाला दाखवणार आहे.”

झाकण उघडलं. आत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मी इथून पोलिसात जाणार.” आणि खुर्चीवर बसले. मुदीर धावत आला. मला आतून बोलावलं, चाचाही आले. होडी हा शब्द मी ऐकला आणि त्या तीन रेघा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. वाकडी म्हणजे तळ, उभी म्हणजे डोलकाठी, तिरपी म्हणजे शीड.

पुढे चाचांनी मला समजावलं ते इथेच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही. जुन्या घड्याळजींची रीत होती. घड्याळ उघडून नीट केलं की झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि साल कोरायचं. पुढच्या कारागिराला कळावं, कोणी केव्हा हात लावला होता. चाचांची खूण होडी. त्यांच्या उस्तादानं त्यांना आणखी एक शिकवलं होतं. झाकणं अदलाबदल होतात, म्हणून तीच खूण डायलच्या पाठीवरही कोरायची. पुढे कंपनीनं हे सगळं बंद केलं. सगळं कम्प्युटरवर, घड्याळात एकही रेघ नको. जो करील त्याला काढून टाकायचं, असं लिहून त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. चाचांचीही होती.

मुदीरनं विचारलं, “आतून कोणी पॉलिश केलं?”

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय. चाचा आधी बोलले.

“मी सांगितलं होतं त्याला.”

मी ते तसंच राहू दिलं.

चाचांनी अबू फहद यांना सलाम केला आणि त्यांच्याशी त्यांच्या अरबीत बोलायला लागले. जुनं आणि नवं शेजारीशेजारी ठेवलं. “हे बघा. कंपनी म्हणते दोन्ही सारखी. जुन्याच्या चाराच्या आकड्याला खाली आडवा पाय आहे, नव्याच्या नाही. जुन्याचे कान मधे झिजलेत, तुमच्या वडिलांच्या बाहीनं. नव्याचे सगळीकडे सारखे.” मग सेल्समनला काउंटरचे दिवे बंद करायला सांगितले आणि दोन्ही घड्याळांवर हाताची ओंजळ धरली. नव्याचे ठिपके हिरवे चमकत होते. जुन्याचे मेलेले होते. “पिवळा रंग त्यांना रंगवता आला,” चाचा म्हणाले, “मरण रंगवता आलं नाही.”

अबू फहद यांनी सगळं नीट ऐकलं. इंजिनिअर माणूस. म्हणाले, “म्हणजे हे जुनं आहे. माझं आहे कशावरून? जुनी पुष्कळ असतील.”

ह्याला उत्तर होतं, पण ते चाचांच्या सहीच्या कागदाविरुद्ध होतं. चाचांनी घड्याळ उचललं. मग म्हणाले, “आत चला.”

गिऱ्हाइकाला वर्कशॉपात नेत नाहीत. मुदीर म्हणाला, “कासम, नियम.” अबू फहद उठलेही होते. त्यांना अडवायची मुदीरची छाती झाली नाही.

चाचांनी भिंग डोळ्याला लावलं. यंत्र बॉडीतून बाहेर काढलं, तिन्ही काटे उचलले, बाजूचे दोन स्क्रू सैल केले आणि डायल चिमट्यात धरून उलटी केली. ह्याला दहाएक मिनिटं लागली असतील. मग त्यांनी भिंग अबू फहद यांच्या हातात दिलं.

मी मागून मान लांब करून बघितलं. डायलच्या पाठीवर पितळेवर दोन होड्या होत्या. एक जुनी, काळी पडलेली, खाली फार जुनं साल. दुसरी छोटी, चकचकीत, ताजी. त्याच महिन्याची.

अबू फहद यांनी खूप वेळ बघितलं. भिंग काढलं तेव्हा ते हिंदीत बोलले, जुने कुवेती बोलतात तसल्या हिंदीत. त्यांच्या बोलीत सूक म्हणजे बाजार आणि हिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस.

“पुराना सूक में... वो गली में दुकान था. वो हिंदी तू है?”

“मैं ही.”

“मेरा बाप तेरे को बहुत गाली देता था.”

“मालूम है,” चाचा म्हणाले. “मुँह पे भी देता था.”

अबू फहद पहिल्यांदा हसले. मग सांगायला लागले. वडिलांना त्या काळी नवी पांढरी डायल हवी होती, सगळ्या मित्रांच्या घड्याळांना होती तशी. दोनदा गेले. दोन्ही वेळा हा हिंदी म्हणाला, नवं पाहिजे तर नवं घ्या, हे घड्याळ आहे तसंच राहील. वडील घरी येऊन म्हणायचे, घड्याळ माझं आणि मालक तो. चाचा नुसती मान हलवत होते. मी विचार करत होतो, त्या वेळी जर ती डायल बदलली असती, तर ती होडीही मोडीत गेली असती, आणि मी आता कुठे असतो?

अबू फहद म्हणाले, झाकणातली होडी परत काढून दे. पूर्वी होती तशी, तेच साल घालून.

चाचा म्हणाले, “नाही. ती खोटी होईल. तसलं काम बाहेर काचेत लावलंय, ते घ्या.” मग म्हणाले, “आजची काढतो.”

आणि मुदीरच्या देखत, सुई घेऊन, मी लख्ख केलेल्या त्या झाकणावर त्यांनी तीन रेघा ओढल्या. खाली त्या दिवसाचं साल. मुदीर भिंतीला टेकून उभा होता. ताजी होडी त्यानंही बघितली होती, आणि ही दुसरी तर त्याच्या समोरच झाली. त्यानं अबू फहद यांच्यासाठी गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, मागवला.

त्या रात्री अबू हलीफा भागातल्या आमच्या खोलीत मी चाचांना म्हटलं, “उद्या मी मुदीरला खरं सांगतो.”

“काय सांगशील?”

“की तुम्ही नव्हतं सांगितलं. मीच केलं.”

“आणि?”

“आणि काय?”

“आणि तुला घरी पाठवतील, माझी होडी तर त्यांनी बघितलीच आहे. एकाच्या तिकिटात काम होत असेल तर दोन कशाला?” मग म्हणाले, “तुझा हात तयार झालाय. चार महिने माझं डोकं खाऊन तयार झालाय. तो फुकट घालवू नकोस.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. दोन महिन्यांनी चाचांचा करार संपत होता. नेहमी तो आपोआप वाढायचा. ह्या वेळी पत्र आलं, त्यात कारण लिहिलं होतं वय. नियम मोडल्याचा शब्दही नव्हता. चाचा म्हणाले, “बघ, किती सभ्य माणसं आहेत.” त्यांनी आपली हत्यारं एकेक करून मऊ कापडात गुंडाळली आणि सुई मात्र माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, पॉलिशवाल्याला सुई कशाला? ते म्हणाले, “पॉलिशवाल्याची खूण नसते, बरोबर. काही दिसत नाही हीच त्याची खूण. पण नेहमी पॉलिशवालाच राहणार आहेस का?”

विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. तिथे मी रडलो, ते नाही. ते म्हणाले, गेटचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. अबू फहद दर वर्षी ईदच्या आधी घड्याळ तपासायला आणतात आणि विचारतात, तो हिंदी कसा आहे? मला आजवर एकदाही त्यांनी विचारलं नाही की आतून पॉलिश खरं कोणी केलं. मला वाटतं त्यांना ठाऊक आहे. चाचा गेल्यावर मी त्यांच्या जागी आलेल्या माणसाला विनवण्या करून यंत्राचं काम शिकायला लागलो. सुट्टीच्या दिवशी सूकमधून बंद पडलेली जुनी घड्याळं आणतो आणि चाचांना व्हिडिओ कॉल लावतो. ते पडद्यावरून रागावतात. “चिमटा असा धरतात? सुरमई साफ करतोयस का?” दुकानात मोठं काम अजून मला देत नाहीत, साधं यंत्र मी उघडून जोडू शकतो. पॉलिशला बसलो की आता मी आधी प्रत्येक रेघ भिंगाखाली बघतो. ओरखडा आहे की कोणी काही सांगून ठेवलंय, हे बघितल्याशिवाय पॉलिशच्या चाकाला हात लावत नाही. गिऱ्हाइकाला स्वतः जाऊन विचारतो, हे तसंच ठेवू का? नवा मुदीर म्हणतो, तू कंपनीचा की गिऱ्हाइकाचा? मला बरं वाटतं.

चाचांचे हात आता थरथरतात. फोन धरला की पडद्यावर छत दिसतं, पंखा दिसतो, मग चाचा. त्यांच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एक चावीचं मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे, फार वर्षांपासून बंद. नमाजाच्या वेळा आता लाल आकड्यांच्या पाटीवर येतात, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. पण चाचांनी जमातीला शब्द दिला होता, की कायमचा परत आलो की हे मी चालू करीन. परत आले तेव्हा हातांनी दगा दिला. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं.

चाचा, हा अंक तुम्हाला पाठवतो आहे. सूनबाईंकडून वाचून घ्या. पुढच्या रजेला मी घरी एक दिवस राहीन आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोट धरीन. ते घड्याळ मी खाली उतरवीन, उघडीन, धुईन, चालू करीन. लाकडाला किंवा पितळेला पॉलिशचा हात लावणार नाही. आत डायलच्या पाठीवर कोणाच्या खुणा आहेत त्या बघू, त्यांना धक्का लागणार नाही. त्यांच्याखाली होडी तुम्हीच काढायची, मनगट मी धरतो. तिच्याखाली जागा उरली, तर तुम्ही दिलेल्या सुईनं एक रेघ मी ओढीन. माझी खूण काय असावी, ते अजून ठरलेलं नाही. ते तुम्हाला विचारूनच ठरवीन.